सासूबाईंच्या तीन फायली आणि डब्यातल्या चौदा गोळ्या: कुणाचाच कॉम्प्युटर ‘थांबा’ का म्हणाला नाही?

सीमेवरची सून

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला. शिवार ओलांडलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. इथं खानापूर, निपाणी, बेळगावची बरीच मंडळी आहेत, डॉक्टर आणि दवाखान्यात काम करणारेही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. लांबेल, पण वाचा.

गेल्या महिन्यात पहाटे साडेपाचला सासूबाई चुलीपुढं पडल्या. वय ७९. आवाज ऐकून धावले तर अंग गार, घामानं चोळी भिजलेली, नजर भलतीकडंच. मला त्या ओळखत नव्हत्या, माझ्या मोठ्या नणंदेचं नाव घेऊन हाका मारत होत्या. मला वाटलं अर्धांगवायूच झाला. शेजारच्या घरी साखर तपासायचं मशीन होतं. पोरगं पळत घेऊन आलं, बोटाला टोचलं. आकडा आला ४८.

गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत नजर ठिकाणावर आली. उठून बसल्या आणि म्हणाल्या, “काय झालंय गं, सगळी कशाला जमलाय? मी भाकरी थापूलालो होतो.”

बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. घरी येऊन मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला. चौदा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. कात्रीनं कापलेल्या पट्ट्या, काहींवर नावच उरलेलं नाही. कागदी पाकिटावर दुकानदारानं कन्नडमध्ये लिहिलेलं. सासूबाईंना कन्नड बोललेलं सगळं कळतं, ‘ऊट आद मेले’ म्हटलं की जेवल्यावर हे त्यांना ठाऊक आहे, पण वाचता येत नाही. त्यांना मराठी वाचता येतं, आणि मराठीत एक अक्षर त्या डब्यात नव्हतं.

मग फायली काढल्या. एक बेळगावची, बीपी आणि साखरेची. दुसरी गडहिंग्लजची. नणंद तिकडं दिलीय, पावसाळ्यात सासूबाई तिच्याकडं जातात, तिथं गुडघ्याचं आणि झोपेचं औषध सुरू झालं. तिसरी गोव्याची. धाकटे दीर म्हापशाला कामाला आहेत, उन्हाळ्यात तिकडं दोन महिने असतात, तिथंही कुणीतरी ‘साखर वाढलीय’ म्हणून गोळी दिली. ती गुलाबी आणि बेळगावची पांढरी. दोन्ही पट्ट्या उजेडात धरून मी बारीक अक्षरं वाचली. दोन्हींत ग्लिमेपिराइड. कंपन्या दोन, नावं दोन, औषध एकच. वर्षभर त्या एकाच औषधाचे दोन डोस घेत होत्या.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढं आहे. आठ महिन्यांपूर्वीचा एचबीए१सीचा, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट बेळगावच्या फाईलमध्येच होता. ६.१. म्हणजे साखर आधीच खूप खाली होती.

तिन्ही दवाखान्यांत कॉम्प्युटर आहे, पावती त्यातूनच निघते. गावच्या आरोग्य केंद्रातली बाईही घरी येऊन टॅबमध्ये सासूबाईंची साखर आणि बीपी भरून जाते. एवढ्या ठिकाणी नोंद असून कुणाच्याच मशीननं ‘थांबा, ही बाई ७९ वर्षांची आहे, साखर ६.१ आहे, गोळी कमी करा’ असं का सांगितलं नाही? असं करता येतं का? कुठं होतं का? आणि होत नसेल तर आपल्यासारख्यांनी काय करायचं? मला दोष कुणाला द्यायचा नाही. पण त्या पहाटे मी शेतावर गेले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून झोपू देत नाही.

कडोलीकर

वहिनी, अंगावर काटा आला वाचून. आमच्या आजोबांच्या उशाशी असाच डबा आहे. उद्याच उघडून बघतो.

लोंढा लाईन

ताई, मी खानापूर तालुक्यात आरोग्य केंद्रावर काम करते, तुम्ही सांगता त्या टॅबमध्ये नोंदी भरणाऱ्यांपैकीच एक. म्हणून आमची बाजू सांगते.

आमच्या त्या पोर्टलवर ३० वर्षांवरच्या माणसांची बीपी, साखर आणि काही कर्करोगांची तपासणी नोंदवायची असते. कुणाला तपासलं, कुणाला वर पाठवलं, कुणाला सरकारी गोळ्या दिल्या, हे त्यात दिसतं. खाजगी दवाखान्यात काय लिहून दिलंय ते त्यात येत नाही. मी विचारलं तर आजी म्हणतात, “चालू हाय की गोळी.” कुठली? “पांढरी.” मी ‘उपचार सुरू’ एवढंच भरते आणि पुढच्या घरी जाते. जांबोटीकडच्या वाड्यांवर तर नेटवर्कच नसतं. कागदावर लिहून आणते आणि संध्याकाळी भरते.

त्यातून आमच्या कामाचं मोजमाप असं आहे की किती लोक तपासले, किती नवीन सापडले, किती उपचारावर आले. गोळी किती जणांची कमी झाली, हे कुणी विचारत नाही. त्यामुळं तुमच्या सासूबाईंचा ६.१ आमच्या यादीत ‘साखर उत्तम ताब्यात’ असा हिरवा दिसला असता. खरं सांगते, मलाही तो चांगलाच वाटला असता. तुमचं वाचल्यापासून मी ७५ च्या वरच्या प्रत्येकाला ‘पहाटे घाम येतो का, चक्कर येते का’ हे विचारायला लागलेय.

मिरजेची डॉक्टर

सीमेवरची सून, तुम्ही साखरपाणी चमच्यानं दिलंत ते बरोबर केलंत. माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा, हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. ग्लिमेपिराइड आणि त्याच्या जातीच्या गोळ्यांनी साखर एकदा उतरली की वर आणल्यावरही काही तासांनी पुन्हा घसरू शकते, त्यामुळं ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबायचं नसतं.

मी मूळची नंदगडची, मिरजेत मेडिसिन करते. सीमाभागातून रोज पेशंट येतात, तीन-तीन फायली घेऊन. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर ‘होय, करता येतं’ असं आहे. करून पाहिलंय.

अमेरिकेत शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मंडळींनी ६० दवाखान्यांत, ३७१ डॉक्टरांवर, १८ महिने हा प्रयोग केला. २०२४ साली तो अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये छापून आला. तीनच गोष्टी निवडल्या होत्या. ७५ आणि त्यापुढचे मधुमेही, ज्यांचा एचबीए१सी ७ च्या खाली आहे आणि तरी साखर धोकादायकरीत्या उतरवू शकणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे. ६५ च्या पुढच्या बायका, ज्यांची लघवी ठोस लक्षण नसताना तपासायला जाते. आणि ७६ च्या पुढचे पुरुष, ज्यांची प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची पीएसए ही रक्तचाचणी उगीच होते.

डॉक्टरांना फक्त शिकवून फारसा फरक पडत नाही, हे आधीपासून माहीत होतं. म्हणून निम्म्या दवाखान्यांत नुसतं शिकवलं, आणि निम्म्यांत शिकवण्याबरोबर कॉम्प्युटर मध्ये आणला. डॉक्टर चाचणी किंवा गोळी लिहायला गेला की त्याच क्षणी पडद्यावर सूचना: या वयात यानं अपाय होऊ शकतो. पुढं जायचंच असेल तर कारण लिहा, आणि ते कारण पेशंटच्या नोंदीत राहील. बंदी कशावरच नव्हती. कारण लिहून पुढं जायला मोकळीक होती. पण ‘का’ हे लिहायची वेळ आली की हात थबकतो. मी स्वतः डॉक्टर आहे, मला तो थबकणारा हात ओळखीचा आहे.

तिन्ही गोष्टी कमी झाल्या. पीएसए सगळ्यात जास्त, मग लघवीच्या तपासण्या, मधुमेहाच्या औषधांचा अतिरेक त्यामानानं थोडाच. चालू गोळी बंद करणं हे नवी चाचणी न लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. आणि एक लपवण्यासारखी नसलेली गोष्ट: सूचना असलेल्या दवाखान्यांत एचबीए१सी ९ च्या वर गेलेल्यांचं प्रमाणही किंचित वाढलं. म्हणजे हात मागे घेताना लक्ष ठेवावंच लागतं.

म्हातारपणी साखर किती खाली हवी? अमेरिकन डायबेटिस असोसिएशन म्हणते, तब्येत धडधाकट असेल तर ७ ते ७.५ च्या खाली, आणि बरेच आजार, विसर, परावलंबन असेल तर ८ च्या खाली चालेल. वयानं मूत्रपिंड मंदावतात, गोळी अंगात जास्त वेळ राहते. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडासाठीच्या रक्ततपासणीचा, आकडा म्हाताऱ्या, काटक बाईत ‘नॉर्मल’ दिसतो, कारण अंगात स्नायूच कमी असतात. वय आणि लिंग धरून मूत्रपिंडाचं खरं काम किती उरलंय याचं गणित करावं लागतं. ते गणित माणूस गर्दीत विसरतो आणि मशीन विसरत नाही. मला मशीन हवं आहे ते याचसाठी.

यळ्ळूरचे गुरुजी

मी ७७ वर्षांचा निवृत्त शिक्षक. सर्वांचं आदरानं वाचलं. पण मनात आलेलं बोलतो. हे सगळं म्हातारी माणसं आता काय, गोळ्या कमी करा, तपासण्या कमी करा, असं होतंय का? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना खर्च वाचवायचा असेल. आम्हाला इथं मुळात उपचारच मिळत नाहीत. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यावरून दोन राज्यांत केवढं रण झालं ते सर्वांनी पाहिलं. आम्ही मधल्या मध्ये. अशा वेळी ‘जास्त उपचार’ ही आमची अडचण आहे, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वय झालं म्हणून माणसाला मोडीत काढू नका.

मिरजेची डॉक्टर

गुरुजी, तुमचा राग मला मान्य आहे आणि त्याला खरा आधार आहे. मोतीबिंदू पिकून दिसेनासं होईपर्यंत थांबवलेले, खुबा मोडल्यावर ‘आता या वयात ऑपरेशन कशाला’ म्हणून खाटेवर टाकलेले पेशंट मी दर महिन्याला बघते. तो अन्यायच आहे. म्हणूनच आयर्लंडच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये याद्या दोन केल्या: वृद्धांना काय थांबवावं याची एक, आणि जे द्यायला हवं पण दिलं जात नाही त्याची दुसरी. अमेरिकेत १९९१ पासून डॉ. बिअर्स यांच्या नावानं अशीच टाळायच्या औषधांची यादी आहे, २०२३ मध्येही ती सुधारली. ग्लिमेपिराइडच्या जातीची औषधं त्यात आहेत, झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आहेत, वर्षानुवर्षं चाललेली अॅसिडिटीची गोळी आहे.

आणि एकाच म्हातारीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडतात, हेच मला सांगायचंय. नको ती गोळी पोटात जाते आणि हवं ते ऑपरेशन होत नाही. ॲस्पिरिनचं उदाहरण घ्या. हृदयविकार झालेला नसताना सत्तरीच्या पुढच्यांना रोज ॲस्पिरिन दिलं तर काय होतं, हे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,००० हून अधिक माणसांवर तपासलं. निकाल २०१८ ला आला. आयुष्य निरोगी राहण्यात फायदा नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांना आधी अॅटॅक आलाय किंवा स्टेंट आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी ती बंद करायची नाही. तुमच्या वयाचा मान ठेवायचा म्हणजे तुमच्या वयाच्या माणसांवर तपासलेलं औषध तुम्हाला द्यायचं.

औषधवाला, शहापूर

दुकानाच्या काउंटरवरून दिसतं ते सांगतो. बावीस वर्षं झाली दुकानाला.

माझ्याकडं एक मावशी येतात, वडगावच्या, घरी माग होता. बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू झालं. पाय सुजले. त्या दुसऱ्या डॉक्टरकडं गेल्या, त्यांनी सूज बघून लघवीची गोळी दिली. रात्री चार-चार वेळा उठायला लागलं, झोप गेली. तिसऱ्या ठिकाणी झोपेची गोळी. मग सकाळी तोल जातो म्हणून चक्करेची गोळी. पायात गोळे येतात म्हणून आणखी एक. पाच चिठ्ठ्या, आणि सगळ्याची सुरुवात एका गोळीनं सुजलेल्या पायांपासून. पाचही डॉक्टर आपापल्या जागी शहाणे. कुणाला मागची चिठ्ठी दिसलीच नाही.

मला दिसली, कारण पाचही माझ्या बिलात होत्या. मी मावशींना म्हटलं, पहिल्या डॉक्टरांना पाय दाखवा, सूज गोळीनं असू शकते. त्यांनी गोळी बदलून दिली, सूज ओसरली, मागच्या चार गोळ्या टप्प्याटप्प्यानं गेल्या. आता मला वाईट कशाचं वाटतं माहीत आहे? अशी माणसं रोज येतात आणि मी रोज बोलत नाही. गर्दी असते, लोक रिकामी पट्टी पुढं करतात, ‘हेच द्या’. आम्ही देतो. दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी लिहिलेली पित्ताची गोळी अजून चालू असते. गुडघ्याचं डायक्लोफिनॅक, बीपीच्या काही जातींची गोळी आणि लघवीची गोळी एकत्र मूत्रपिंडाला मारक ठरू शकतात, हे मला फार्मसीत शिकवलंय. तरी तिन्ही एका पिशवीत घालून दिलंय मी. हे लिहून ठेवतोय कारण पुढं तसं करायचं नाही.

मिरजेची डॉक्टर

औषधवाले दादा, तुमच्या काउंटरचं मोल मोठं आहे. कॅनडात क्युबेक प्रांतात नेमकं औषध दुकानदारांकडूनच हे करून पाहिलं. झोपेच्या गोळ्या, जुन्या जातीच्या साखरेच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना साध्या भाषेतलं पत्रक दिलं आणि त्यांच्या डॉक्टरांना दुकानातून कारणासह चिठ्ठी पाठवली. सहा महिन्यांत ४३ टक्के लोकांची ती गोळी बंद झाली. जिथं नेहमीसारखंच चाललं तिथं १२ टक्के.

झोपेच्या गोळीबद्दल एक इशारा. ती एकदम तोडायची नाही, आठवड्याआठवड्यानं उतरवायची. स्टेरॉइड आणि हृदयाच्या काही गोळ्यांचंही तसंच. हा धागा वाचून कुणी घरी जाऊन डबा कचऱ्यात रिकामा करू नका.

निपाणी टू बंगळूर

मी हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये आहे. आजी निपाणीत विडी वळून आम्हाला वाढवलेली, म्हणून विषय जवळचा.

ताईंचा प्रश्न, मशीन का बोललं नाही. कारण बहुतेक ठिकाणी मशीनला काही ठाऊकच नसतं. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यात कॉम्प्युटर बिलासाठी असतो. चिठ्ठी हातानं लिहिलेली. फार तर तिचा फोटो साठवलेला. फोटोत ‘६.१’ आहे हे माणसाला दिसतं, प्रोग्रॅमला ते फक्त काळे-पांढरे ठिपके. मशीननं ‘थांबा’ म्हणायला तीन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यात असाव्या लागतात: वय, एचबीए१सीचा आकडा आणि तारीख, आणि औषधाचं मूळ नाव. कंपनीचं नाव नाही, मूळ नाव. ते असतं तर गुलाबी आणि पांढरी गोळी एकच आहे हे एका ओळीच्या प्रोग्रॅमनं पकडलं असतं. यात कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही लागत नाही.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. जिथं मशीन बोलतं तिथं ते फार बोलतं. औषधांच्या सूचना डॉक्टर किती वेळा बाजूला सारतात याचा २००६ मध्ये एक मोठा आढावा निघाला होता, आकडा ४९ ते ९६ टक्के. दर चिठ्ठीला पाच खिडक्या उघडल्या तर सहावी कुणी वाचत नाही. शिकागोच्या प्रयोगात तीनच गोष्टी घेतल्या हे डॉक्टरांनी वर सांगितलंय, मला त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण तेच वाटतं. आमच्याकडं मीटिंगमध्ये प्रत्येकाला आपली सूचना घालायची असते. कमी बोलणारं सॉफ्टवेअर विकायला जाम अवघड.

आणि मशीन म्हणजे जादू नव्हे. कॅनडात ११ इस्पितळांत, दाखल झालेल्या वृद्धांच्या नोंदीवरून प्रोग्रॅमनं थांबवता येतील अशा औषधांचा अहवाल काढून डॉक्टरांच्या हातात दिला. घरी जाताना निदान एक औषध थांबलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ५५ वर गेलं. पण पुढच्या महिन्याभरात औषधाचे त्रास कमी झाल्याचं ठामपणे दिसलं नाही. गोळ्या कमी होतात हे सिद्ध आहे. माणूस त्यामुळं किती सुधारतो, हे मोजायला जास्त काळ लागतो.

सीमेवरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आभा कार्डाचं, त्या सरकारी डिजिटल आरोग्य कार्डाचं काय? गावात शिबिरात सासूबाईंचं कार्ड काढलंय. त्यानं तिन्ही फायली एकत्र येतील ना?

निपाणी टू बंगळूर

येऊ शकतात, आपोआप नाही. आभाचा १४ आकडी क्रमांक हा धागा आहे, मणी दवाखान्यांनी ओवायचे. केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. दवाखान्याचं सॉफ्टवेअर त्याला जोडलेलं असेल आणि त्यांनी नोंद त्या क्रमांकाला लावली, तर तुमच्या परवानगीनं दुसरा डॉक्टर ती बघू शकतो. नोंदी एका मोठ्या सरकारी गोदामात जात नाहीत, जिथल्या तिथं राहतात, मागितल्यावर परवानगीनं दिसतात. राज्याची सीमा त्याला आडवी येत नाही, ही आपल्यासाठी मोठीच गोष्ट आहे. बेळगाव, गडहिंग्लज, म्हापसा, तिन्ही एका क्रमांकावर.

सीमेवरची सून

काल आरोग्य केंद्रात जाऊन बसले. कार्ड उघडायला ओटीपी लागतो. आधारला जोडलेला नंबर धाकट्या दिरांचा, कारण कार्ड काढलं तेव्हा घरात त्यांचाच फोन होता. ते म्हापशाला कामावर, फोन लॉकरमध्ये. सासूबाई बाकड्यावर बसून विचारत होत्या, “माझीच माहिती बघायला त्याला कशाला विचारूलालाय?” आम्हा कुणाकडंच उत्तर नव्हतं. नंबर बदलायला दिलाय.

लोंढा लाईन

हे रोजचं आहे ताई. दहा म्हाताऱ्यांतल्या कितीतरी जणांचा नंबर मुलाचा, जावयाचा, नाहीतर बंद पडलेला. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी आधी तो नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा करून घ्या. आणि माझी एक सवय सांगते. प्रत्येक घरी पाठकोरा कागद मागते आणि गोळीची पट्टी बघून मूळ नाव मराठीत लिहिते, कशासाठी, कधी सुरू, कुणी दिली. तो कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवते.

यळ्ळूरचे गुरुजी

चार दिवस गप्प होतो. विचार करत होतो, सांगावं की नाही. सांगतो.

दोन वर्षांपूर्वी गावात मोठं आरोग्य शिबिर झालं. रक्ताच्या पंचवीस तपासण्या फुकट. मला कसलाही त्रास नव्हता. रिपोर्टात पीएसए वाढलेलं आलं, लाल अक्षरात. मुलगा घाबरला. बेळगावात दाखवलं, तुकडा काढून तपासायला सांगितलं. तुकडा काढल्यावर तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, पाच दिवस दवाखान्यात सलाईनवर. रिपोर्ट आला: कर्करोग नाही, वयानं ग्रंथी वाढलेली आहे. सर्वांनी पेढे वाटले. मीही देवाचे आभार मानले आणि विषय संपला असं समजलो.

आज डॉक्टर ताईंचं ‘७६ च्या पुढचे पुरुष’ वाचल्यावर लक्षात आलं की ती तपासणी माझ्या वयाला लागू आहे का, हे त्या शिबिरात कुणी विचारलंच नव्हतं. पंचवीसचं पॅकेज होतं, वय कुठलंही असो, पंचवीस. त्या यंत्रात माझी जन्मतारीख टाकलेली होती, पावतीवर छापून आली होती. ७५ असं. तेवढं बघून एक तपासणी गाळता आली असती. माझा पहिला राग मी मागं घेत नाही, आमच्या भागात उपचार कमीच आहेत. पण हाही उपचाराचा अभावच होता, कारण माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

मिरजेची डॉक्टर

गुरुजी, शेवटचं वाक्य मी माझ्या ज्युनियर डॉक्टरांना वाचून दाखवलं. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळानं २०१८ मध्येच सांगितलंय की त्रास नसताना सत्तरीच्या पुढं ही चाचणी करू नये. लघवीला अडथळा, रक्त, हाडं दुखणं असं काही असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा करायचीच.

लघवीच्या तपासणीचंही असंच होतं. वृद्ध बायकांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. जळजळ नाही, ताप नाही, तर ते जंतू नुसते तिथं राहतात, त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. रिपोर्ट हातात आला की मात्र औषध लिहिल्याशिवाय कुणाला राहवत नाही. म्हणून तपासणी लिहितानाच थांबवणारी सूचना लागते, रिपोर्ट आल्यावर उशीर झालेला असतो.

कडोलीकर

आजोबांच्या डब्यात एकच गोळी तीन नावांनी निघाली. पित्ताची. शनिवारी तिन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडं जातोय.

सीमेवरची सून

पुढचं सांगते.

लोंढा लाईन ताईंच्या पद्धतीनं एकच पान केलं. वरती वय, वजन, क्रिएटिनिन, एचबीए१सी, सगळे तारखेसह. खाली चौदा गोळ्या मूळ नावानं, मराठीत आणि डॉक्टरांसाठी इंग्रजीत. शेवटी सासूबाईंना स्वतःला काय हवंय तेही लिहिलं. त्या म्हणाल्या, “शेतात रताळ्याच्या वेलाकडं मला माझ्या पायानं जाता आलं पाहिजे, बाकी काय नको.” तेच शब्द लिहिले.

बेळगावच्या डॉक्टरांनी पान पाच मिनिटं शांतपणे वाचलं. म्हणाले, हे असं माझ्यापुढं कधी आलंच नाही. ग्लिमेपिराइड दोन्ही बंद. मेटफॉर्मिन मूत्रपिंडाचं गणित करून कमी डोसात ठेवली. ॲस्पिरिन बंद, कारण हृदयाचं कधीच काही नव्हतं. डायक्लोफिनॅक बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि व्यायाम. झोपेची गोळी दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवायची. पित्ताची गोळी डायक्लोफिनॅकमुळं होती, तीही थांबली. चौदाच्या आठ झाल्या, नववी उतरणीला आहे.

त्या संध्याकाळी सासूबाई जेवल्या नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “डॉक्टरनं मला सोडलं काय गं? आता औषधाचा उपयोग नाही म्हणून काढूलालाय काय?” हे मला आधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं गोळी म्हणजे कुणीतरी आपली काळजी घेतंय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाच फोन लावून दिला. ते त्यांच्याशी कन्नड-मराठी मिसळून बोलले, दर आठवड्याला साखर मोजून मला कळवायची, मी बघणार आहे, असं म्हणाले. मग त्या जेवल्या. गोळी थांबवायची तर भेट वाढवावी लागते, हे कुठल्या पानावर लिहायचं राहिलं होतं.

पहिले पंधरा दिवस साखर उपाशीपोटी दीडशेच्या आसपास, माझाच जीव वरखाली. डॉक्टर म्हणाले, असू दे. आता एकशे तीस-चाळीसला स्थिरावलीय. पहाटेचा घाम नाही. एचबीए१सी तीन महिने झाले की करायचा.

पानाच्या चार प्रती काढल्या. एक नणंदेकडं, एक म्हापशाला, एक औषधाच्या दुकानात, एक डब्याच्या झाकणात. परवा गडहिंग्लजला नणंदेबरोबर त्या दवाखान्यात गेल्या होत्या, सर्दी झालेली. चिठ्ठी घेऊन दुकानात गेल्यावर त्यांनी कनवटीचा कागद काढून काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, “ह्यात साखरेची हाय काय बघ. असली तर देऊ नको, माझ्याकडं हाय.”